मनानं मागितलेली मुदत

संकटात शहाणी माणसंही स्वतःपासून सत्य का लपवतात, त्याचा फायदा कधी होतो आणि तोटा कधी सुरू होतो?

परळी वैजनाथच्या कुठल्याही गल्लीत सापडतील अशी तीन घरं कल्पनेनं डोळ्यांपुढे आणा. पहिल्या घरात सोयाबीन-कापूस करणारा, बारावी शिकलेला शेतकरी आहे. बँकेचं पाकीट आलं, ते त्यानं फोडलं नाही. देवाच्या फोटोमागे खोचून ठेवलं. आत काय असेल हे त्याला ठाऊक आहे. व्याज थांबत नाही, हेही ठाऊक आहे. दुसऱ्या घरात पन्नाशीच्या गृहस्थांच्या छातीत रात्रीतून दोनदा कळ आली. बायको म्हणाली, दवाखान्यात चला. तर म्हणाले, "उगंच काळजी करायलीस तू, ॲसिडिटी हाय." तिसऱ्या घरातली मुलगी लातूरला राहून दोन वर्षं 'नीट'चा क्लास करून आली. मार्क कमी पडले. त्याच संध्याकाळी ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "मला तशीही डॉक्टरकी आवडत नव्हतीच."

तिघंही समजदार आहेत. कुणी मुद्दाम खोटं बोलत नाही. मग ज्याकडे सगळ्यांत आधी बघायला हवं, नेमकं तेच त्यांना दिसेनासं का झालं?

मन मध्ये पडतं

माणसाच्या मनाला काही गोष्टी एकदम सोसत नाहीत. मरणाची भीती, अपमान, अपराधीपणा, आपण हरलो ही जाणीव. असं काही अंगावर आलं की मन आपल्याला न विचारताच मध्ये पडतं आणि वास्तवाचं रूप थोडं बदलून आपल्यासमोर ठेवतं. मानसशास्त्रात याला 'संरक्षण यंत्रणा' म्हणतात. व्हिएन्नाचे डॉक्टर सिग्मंड फ्रॉइड यांनी ही कल्पना १८९४ मध्ये मांडली. त्यांची मुलगी ॲना फ्रॉइड हिनं १९३६ मध्ये, वडिलांच्या ऐंशीव्या वर्षी, या यंत्रणांवर स्वतंत्र पुस्तक लिहून त्यांची नीट मांडणी केली. फ्रॉइड यांचे बरेच सिद्धांत पुढे मागे पडले, पण ही कल्पना आजही टिकून आहे.

संरक्षण यंत्रणेच्या दोन खुणा लक्षात ठेवाव्यात. एक, ती बहुतेक वेळा आपल्या नकळत चालते. मुलगी 'मला आवडत नव्हतंच' म्हणते तेव्हा तिला खरंच तसं वाटत असतं. दोन, ती परिस्थितीला हात लावत नाही. परिस्थिती आपल्याला कशी दिसते, तेवढंच बदलते.

परळीकरांना हे समजायला लांब जायला नको. इथल्या औष्णिक वीज केंद्राच्या बॉयलरमध्ये वाफेचा दाब मर्यादेबाहेर गेला की सेफ्टी व्हॉल्व्ह आपोआप उघडतो. वाफ बाहेर पडते आणि बॉयलर फुटत नाही. व्हॉल्व्ह आग विझवत नाही की बिघाड दुरुस्त करत नाही. तो फक्त वेळ मिळवून देतो. त्या वेळात कुणीतरी जाऊन दाब का वाढला ते शोधायचं असतं. कुणी गेलंच नाही आणि व्हॉल्व्ह दिवसभर उघडा राहिला, तर बॉयलर वाचेल, पण वीज तयार होणार नाही, कारण टर्बाइन फिरवणारी वाफ तीच आहे.

मनाचंही असंच आहे. संरक्षण यंत्रणा मुदत मिळवून देते. त्या मुदतीत आपण काय करतो, यावर ती औषध ठरते की आजार, हे अवलंबून असतं.

आपल्या म्हणींना हे माहीत होतं

यंत्रणांची शास्त्रीय नावं अवघड आहेत, पण त्यांची वर्णनं आपल्या म्हणींत केव्हाचीच आहेत.

नकार: मांजर डोळे मिटून दूध पितं. समोरची गोष्ट घडलीच नाही, असं वागणं म्हणजे नकार. न फोडलेलं पाकीट आणि 'ॲसिडिटी हाय' ही त्याचीच उदाहरणं. पण नकार नेहमी वाईट असतो असंही नाही. १९८७ मध्ये अमेरिकेत हृदयविकाराच्या रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्यात नकार जास्त होता ते अतिदक्षता विभागात कमी दिवस राहिले; भीती कमी, म्हणून सुरुवातीचा काळ सोपा गेला. पुढच्या वर्षभरात मात्र याच रुग्णांनी डॉक्टरांच्या सूचना कमी पाळल्या आणि त्यांना पुन्हा दवाखान्यात जास्त दिवस काढावे लागले. तोच नकार आधी उपयोगी पडला आणि मुदत उलटल्यावर नडला.

समर्थन: कोल्ह्याला द्राक्षं आंबट. मिळालं नाही ते नकोच होतं, किंवा केलं ते बरोबरच होतं, अशी पटण्याजोगी कारणं मन तयार करतं. लिऑन फेस्टिंजर आणि जेम्स कार्लस्मिथ यांनी १९५९ मध्ये विद्यार्थ्यांकडून तासभर अत्यंत कंटाळवाणं काम करून घेतलं. मग बाहेर थांबलेल्याला 'काम मजेचं आहे' असं सांगायला लावलं. त्यासाठी काहींना एक डॉलर दिला, काहींना वीस. नंतर खरं मत विचारलं, तेव्हा एक डॉलरवाले म्हणाले, काम तसं बरंच मजेचं होतं! वीस डॉलरवाल्यांपाशी खोटं बोलण्याचं कारण होतं: पैसे. एक डॉलरवाल्यांपाशी ते नव्हतं, म्हणून त्यांच्या मनानं मतच बदलून टाकलं. मनाला विसंगती सोसत नाही, ती अशी.

विस्थापन: वड्याचं तेल वांग्यावर. राग एकावर आणि निघतो दुसऱ्यावर. बीड जिल्ह्यातून दरवर्षी हजारो जोडपी ऊसतोडीला जातात. उचल घेतलेली असते, म्हणून मुकादमाला उलट बोलता येत नाही. तो राग कोपीवर परतल्यावर बायकोवर निघतो, तिचा पोरावर, पोराचा कुत्र्यावर. यातला क्रम नीट पाहा. राग नेहमी परतफेड करू न शकणाऱ्याकडे सरकतो. मार्च २०१६ मध्ये लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणी हाणामाऱ्या होऊ नयेत म्हणून प्रशासनाला जमावबंदी लावावी लागली. पाऊस पडला नाही आणि नळ कोरडे पडले, यात रांगेतल्या शेजाऱ्याचा दोष नव्हता. पण आभाळाशी भांडता येत नाही, शेजारी मात्र हाताच्या अंतरावर असतो.

प्रक्षेपण: चोराच्या उलट्या बोंबा. स्वतःत न आवडणारी भावना दुसऱ्यात दिसू लागते. ज्याच्या मनात भावाबद्दल असूया आहे, त्यालाच सतत वाटतं की भाऊ आपल्यावर जळतो. बांधावरच्या कित्येक भांडणांत दोन्ही बाजूंना हेच चाललेलं असतं.

उलट वागणं: मनात भावकीचा राग धुमसतोय, पण त्यांच्याच लग्नात हा सगळ्यांच्या पुढे पुढे करतो. राग कबूल करणं जड जातं, म्हणून मन त्याच्या बरोबर उलटं टोक पकडतं. अतिरेक ही त्याची खूण.

मागे जाणं: मोठा माणूस रुसून न जेवता झोपतो. आईबाप ऊसतोडीला गेल्यावर आजीजवळ राहिलेलं सात-आठ वर्षांचं पोर पुन्हा अंथरूण ओलं करू लागतं. ते हट्टानं करत नसतं. जेव्हा सुरक्षित वाटत होतं त्या वयात त्याचं मन परत गेलेलं असतं. त्याला रागावण्यापेक्षा जवळ घेणं हाच तिथे उपाय.

सगळ्या यंत्रणा सारख्या नाहीत

हार्वर्ड विद्यापीठात १९३८ पासून २६८ तरुणांची निवड करून त्यांच्या आयुष्याचा मागोवा घेणं सुरू झालं. पुढे मानसोपचारतज्ज्ञ जॉर्ज व्हेलंट यांनी हे काम सांभाळलं आणि १९७७ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. संकटं या सुखवस्तू माणसांनाही चुकली नव्हती. फरक पडला तो संकटाला मनानं दिलेल्या उत्तरात. नकार, दोषारोप, आदळआपट यांवर भागवणाऱ्यांपेक्षा प्रगल्भ यंत्रणा वापरणारी माणसं कामात, नात्यांत आणि समाधानात पुढे राहिली. अभ्यासातले सगळे पुरुष, तेही एकाच उच्चभ्रू विद्यापीठातले, ही त्याची मर्यादा. तरी व्हेलंट यांनी सांगितलेल्या पाच प्रगल्भ यंत्रणा आपल्याही ओळखीच्या आहेत.

पहिली विनोद. स्वतःच्या हालांवर हसता आलं की हाल थोडे लांब सरकतात आणि नीट दिसतात. पैठणच्या एकनाथांनी भारुडांतून संसाराची रडगाणी हसत हसत मांडली, ती याच जातीची. दुसऱ्याला बोचणारी टिंगल यात धरायची नाही.

दुसरी परोपकार. नवरा गमावलेली बाई जेव्हा दुसऱ्या तशाच बाईला तहसीलचे कागद भरून देते, तेव्हा तिच्या स्वतःच्या दुःखालाही वाट मिळते.

तिसरी पूर्वतयारी. येणारं संकट आधीच डोळ्यांपुढे आणून हातपाय हलवणं. ऊसतोडीच्या हंगामाला निघण्याआधी पोराचं नाव हंगामी वसतिगृहात घालणारी, म्हातारीच्या गोळ्या मोजून ठेवणारी माणसं हेच करत असतात.

चौथी बाजूला ठेवणं. "रात्री अकराला हिशोब नको. सकाळी नऊला वही काढू." यात विचार ठरवून पुढे ढकलला आहे आणि वेळही ठरली आहे. दमन नावाच्या यंत्रणेत तो नकळत गाडला जातो, परत काढायचा दिवसच उगवत नाही. दोन्हींतला फरक तेवढाच, पण तोच मोलाचा.

पाचवी उदात्तीकरण. दुःखातली ताकद उपयोगी कामाकडे वळवणं. वाफ टर्बाइनवर सोडणं. याचं उदाहरण परळीतच उभं आहे. वैजनाथाच्या मंदिराचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात त्यांचे पती खंडेराव गेले. १७६६ मध्ये आधार असलेले सासरे मल्हारराव गेले, १७६७ मध्ये मुलगा मालेराव. १७९१ मध्ये जावई वारले आणि मुलगी मुक्ताबाई सती गेली. त्याच अहिल्याबाईंनी १७९५ पर्यंत राज्य चालवलं, न्यायनिवाडे केले आणि देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा, मंदिरं बांधली. सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या व्यक्तीच्या मनाचं निदान करायचा अधिकार आज कुणालाच नाही. पण दुःखाचं पुढे काय करता येतं, हे त्यांच्या कामात दिसतं.

राग बाहेर काढला की जातो का?

बॉयलरची उपमा इथवर चालते, पुढे ती फसवते. वाफ बाहेर सोडली की बॉयलरमधला दाब उतरतो. मनाचं तसं होत नाही. 'मोकळं व्हायचं' म्हणून उशी बडवणं, आरडाओरडा करणं अनेकांना उपाय वाटतो. ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये हे तपासून पाहिलं. डिवचणाऱ्याचा चेहरा आठवत बॅगेवर ठोसे मारणाऱ्यांचा राग उतरला नाही, वाढला. काहीच न करता शांत बसलेले त्यांच्यापेक्षा निवलेले होते. ठोसे मारताना मन रागाची उजळणीच करत असतं.

मग दाबून टाकायचा का? तेही जमत नाही. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये लोकांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. अस्वल पुन्हा पुन्हा आलंच. नंतर विचार करायची मुभा दिली, तेव्हा आधी दाबून धरलेल्यांच्या मनात ते जास्तच येत राहिलं. म्हणून "विचारच करू नको" हा सल्ला कितीही आपुलकीनं दिला तरी उपयोगाचा नसतो.

मुदतीत करायची कामं

संरक्षण बहुतेक नकळत होतं. सामना जाणूनबुजून करायचा असतो. रिचर्ड लॅझरस आणि सुझन फोकमन यांनी १९८४ मध्ये सामना करण्याचे दोन मार्ग सांगितले: एक अडचणीवर काम करणं, दुसरा भावनेवर. कुठे कोणता वापरायचा हे एका प्रश्नानं ठरतं: यातलं माझ्या हातात काय आहे?

फोटोमागचं पाकीट घ्या. पाऊस हातात नाही. पाकीट फोडणं आहे. आकडा वहीत लिहिणं आहे. एकट्यानं जायची भीती वाटत असेल तर विश्वासातल्या माणसाला घेऊन बँकेत जाणं आहे. दुष्काळ जाहीर झालेल्या भागात पीककर्जाच्या पुनर्गठनाची तरतूद असते. त्यात आपण बसतो का, हे विचारणं आहे. यातल्या एकाही पावलानं कर्ज फिटत नाही. पण न पाहिलेला आकडा मनात रोज वाढतो, पाहिलेला आकडा आहे तेवढाच दिसतो.

जे हातात नाही तिथे भावनेवर काम करायचं. त्याच्या काही साध्या, तपासून पाहिलेल्या रीती आहेत.

भावनेला नाव द्या. 'टेन्शन आहे' म्हणून थांबू नका. भीती आहे, लाज आहे, राग आहे की दुःख? मॅथ्यू लिबरमन यांच्या २००७ च्या प्रयोगात भावनेला शब्द दिला की मेंदूतल्या भीतीशी संबंधित भागाची हालचाल मंदावलेली दिसली.

लिहून काढा. जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं आयुष्यातल्या कठीण प्रसंगाबद्दल लिहायला लावलं. लिहिताना मन जड झालं, पण प्रसंग आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या पुढच्या सहा महिन्यांत दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. लिहिता येत नसेल तर जिवाभावाच्या माणसाशी बोलणं हाच मार्ग.

'च' तपासा. अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचं म्हणणं असं की आपल्याला छळते ती घटनेबद्दलची आपली मागणी. 'माझा नंबर लागलाच पाहिजे' या हट्टातून निराशा येते. 'लागावा अशी माझी तीव्र इच्छा आहे, नाही लागला तर दुःख होईल, पण मी दुसरी वाट शोधेन' यातून फक्त दुःख येतं. दुःख पेलता येतं. 'नीट' हुकलेल्या मुलीला आठ-पंधरा दिवस 'आवडत नव्हतंच' म्हणू द्या. मग एक दिवस शांतपणे विचारा, "वाईट वाटलं ना?" रडली तर अडवू नका. पुढचा अर्ज कुठे भरायचा, ते त्यानंतर.

झोप, वेळेवर जेवण आणि रोजचं चालणं यांना कमी लेखू नका. थकलेल्या मनाला नकार आणि आदळआपट हीच सोपी वाटतात.

छातीतली कळ मात्र या सगळ्याला अपवाद आहे. तिथे मनाला मुदत द्यायचीच नाही. छातीत दडपण, घाम, हात किंवा जबड्याकडे जाणारी वेदना असेल तर घरच्यांनी रुग्णाशी वाद घालत बसू नये. १०८ ला फोन करावा.

चौकट: स्वतःला विचारायचे पाच प्रश्न

१. मी कशाकडे बघायचं टाळतोय? किती दिवस?
२. माझा राग ज्याच्यावर निघतोय, त्यानंच मला दुखावलंय का?
३. मी देत असलेलं कारण दुसऱ्यानं दिलं असतं, तर मला पटलं असतं का?
४. यातलं माझ्या हातात काय आहे? आज करता येईल असं सगळ्यांत लहान पाऊल कोणतं?
५. हे मी कुणाशी बोललोय का?

घरचे उपाय पुरत नाहीत तेव्हा

दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप उडालेली, कशात मन नाही, माणसांत जाणं बंद, दारू वाढलेली, 'माझा काय उपयोग' अशी भाषा: यांतलं काही दिसलं तर ते मनाच्या नेहमीच्या चढ-उतारात धरू नका. मरणाचं बोलणं कधीही हसण्यावारी नेऊ नका. थेट विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट माणसाला बोलायला वाव मिळतो. अशा घरात फवारणीची औषधं कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या.

परळीहून २५ किलोमीटरच्या आसपास अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. मानसोपचारासाठी तिथे जाता येतं. शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी राज्य सरकारनं २०१५ मध्ये 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस' ही केंद्र सरकारची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मिळते आणि तिथे मराठीत बोलता येतं. वैजनाथाला नवस बोलणाऱ्यानं डॉक्टरांकडे जाऊ नये, असं कुठल्याही देवानं सांगितलेलं नाही.

शेवटी, हा लेख वाचून घरच्यांच्या संरक्षण यंत्रणा मोजत बसू नका. "तू नकारात आहेस" असं तोंडावर ऐकवलं की माणूस आणखी घट्ट मिटतो. त्याचा नकार हिसकावून घेऊ नका; तो सोडायला धीर येईल इतकं जवळ बसा आणि पुढच्या कामाला सोबत चला. १४४१६ हा क्रमांक आजच मोबाइलमध्ये सेव्ह करा. स्वतःला लागला नाही तरी ओळखीतल्या कुणाला तो देता येईल.